झाड सोसायटीचं, तार केबलवाल्याची, खांब विजेचा

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस आला आणि आमच्या आवारातल्या गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी काडकन मोडली. खाली पडली असती तर सकाळी माळ्यानं उचलून नेली असती. पण ती अधांतरीच अडकली. आमच्या गच्चीवरून समोरच्या खांबाकडे गेलेल्या पाच-सहा काळ्या तारांवर ती झोळीत निजलेल्या पोरासारखी झुलत राहिली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, क्रिकेटचा सामना चालू होता, त्यामुळे नेट गेल्याचं अख्ख्या इमारतीला एकदमच कळलं.

केबलवाला म्हणाला, "आधी फांदी काढा, मग तार जोडतो." पालिकेच्या कार्यालयातून उत्तर आलं, "झाड आवारातलं आहे, तुमचं तुम्ही काढा. फक्त परवानगी घ्या." वायरमनकाका येऊन बॅटरी मारून गेले, "आमच्या लाईनला काही लागलेलं नाही." आणि आमचे सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते, की वादळाला सोसायटी काय करणार? फांदी तीन दिवस झुलत होती. तिच्याखालून शाळेची मुलं जात होती.

गंमत अशी, की चौघांचंही म्हणणं थोडं थोडं बरोबर होतं. आपण विचारतो एकच प्रश्न, "जबाबदारी कोणाची?" प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. तार निर्धोक कोणी करायची? झाड कोणी उचलायचं? आणि झालेल्या नुकसानीचे पैसे कोणी द्यायचे? तिन्हींची उत्तरं बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांकडे जातात. पहिल्या दोन कामांना हात लावणारे तिसऱ्याला घाबरतात. आपण फांदी उचलली म्हणजे चूक कबूल केली असं होईल, या भीतीपोटी कोणीच पुढे येत नाही. तसं काही होत नसतं.

आधी ती तार कसली, हे बघा. जवळ न जाता, लांबूनच.

आपल्याकडच्या खांबावर मजले असतात. सगळ्यात वर आडव्या लोखंडी पट्टीवर चिनीमातीच्या इन्सुलेटरांवरून जाणाऱ्या तीन उघड्या तारा दिसल्या, तर ती अकरा हजार व्होल्टची हायटेन्शन लाईन. सगळ्या खांबांवर ती नसते. त्याखाली एकाखाली एक अशा चार-पाच उघड्या तारा म्हणजे लो टेन्शन, म्हणजे घरगुती पुरवठ्याची लाईन. तिच्यातून घराकडे जाते ती सर्व्हिस वायर. आणि या सगळ्याच्या खाली, माणसाच्या डोक्यापासून हातभर-दोन हात वर, गुंडाळ्या लोंबत असलेला काळा गुंता असतो. तो टीव्हीच्या केबलचा आणि इंटरनेटच्या फायबरचा.

फसायला होतं ते इथेच. हल्ली बऱ्याच ठिकाणी उघड्या तारा काढून एकमेकींभोवती पिळलेल्या जाड काळ्या केबली टाकल्या आहेत. त्यांना एबी केबल म्हणतात. झाडांच्या गर्दीत उघड्या तारेपेक्षा त्या बऱ्या, कारण फांदी नुसती घासली तर लगेच ठिणगी पडत नाही. पण संध्याकाळच्या उजेडात ही एबी केबल आणि केबलवाल्याची तार सारखीच दिसते. "टीव्हीचीच आहे ती" म्हणून बांबूनं ढकलायला जाणारा माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी असतो.

तार खरोखरच इंटरनेटची असली तरी बिनघोर होऊ नये. फायबर म्हणजे काच, ती वीज वाहत नाही, हे खरं. पण ती काच दोन खांबांमध्ये तोलून धरायला सोबत बहुधा पोलादी तार असते, आणि ती पोलादी तार वीज अगदी आनंदानं वाहते. पुढच्या वळणावर कुठे तरी ती विजेच्या तुटलेल्या तारेला टेकली असेल, तर तुमच्या दारातली निरुपद्रवी केबल जिवंत झालेली असते. ओली फांदीही वीज वाहते, आणि पावसाळ्यातली फांदी ओलीच असते.

"लाईट गेली आहे, म्हणजे तार मेली" हा दुसरा गैरसमज. उपकेंद्रात फीडर, म्हणजे तिथून निघणारी मुख्य लाईन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला, तर बिघाड जाऊन बघण्याआधी तो पुन्हा चालू करून पाहिला जाऊ शकतो. शेजारच्या इमारतीचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे बाहेरची लाईन तोडणाऱ्या स्विचशिवाय, जोडलेला असेल, तर वीज उलटी तारेत येते. म्हणूनच अनुभवी लाइनमन लाईट नसतानाही आधी परमिट घेतो. म्हणजे लाईन बंद केल्याची आणि ती परस्पर चालू होणार नाही याची नोंदलेली खात्री. मग डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडतो आणि नंतरच हात घालतो. आपल्याजवळ यातलं काहीच नसतं. तार जमिनीवर पडली असेल तर निदान दहा मीटर लांब राहायचं, लोकांना थांबवायचं आणि फोन करायचा. विजेच्या तक्रारीसाठी १९१२, अग्निशमन दलासाठी १०१. मुंबईत पडलेल्या झाडासाठी महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६. कुणाचं झाड आणि कुणाची तार हे फोन करताना ठरवत बसायची गरज नाही. "झाड तारेवर आहे आणि खालून रहदारी आहे" एवढं सांगितलं की पुरतं.

आता पहिला प्रश्न. तार निर्धोक करायची ती तारेच्या मालकानं. यात वादाला फारशी जागा नाही. विजेची लाईन वीज कंपनीची. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी महावितरण, मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी आणि टाटा. गोव्यात तर वीज खातंच सरकारी. घराकडे येणारी सर्व्हिस वायरही, तिचा खर्च जोडणी घेताना तुमच्या बिलात लावला असला तरी, मीटरपाशी पुरवठा तुमच्या हाती येईपर्यंत कंपनीच्याच ताब्यातली. मीटरच्या पुढचं वायरिंग तुमचं. त्यामुळे मीटरपर्यंत येणाऱ्या तारेला खासगी इलेक्ट्रिशियननं हात लावू नये, तो कितीही ओळखीचा असला तरी. केबल आणि इंटरनेटची तार ऑपरेटरची. "आधी फांदी काढा" हे त्याचं म्हणणं अर्धंच खरं. स्वतःची तार खांबावरून सोडवून ताण कमी करणं, लोंबणारं टोक गुंडाळून वर बांधणं, हे काम त्याचंच आहे आणि त्याला परवानगीही लागत नाही.

वीज कंपनीला याबाबत कायद्यानं हत्यार दिलेलं आहे. वीज अधिनियम २००३ चं कलम ६८ सांगतं, की लाईनजवळ उभं असलेलं किंवा आडवं पडलेलं झाड पुरवठ्यात अडथळा आणत असेल, किंवा आणण्याची शक्यता असेल, तर कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा सरकारनं नेमलेला अधिकारी ते हटवायला लावू शकतो. झाड खासगी आवारातलं असलं तरीही. आणि या कायद्याच्या लेखी झाड म्हणजे नुसता वड-पिंपळ नव्हे. झुडूप, कुंपणाची वई, माजलेलं रान, सगळं त्यात आलं. तुमच्या कुंपणावरची बोगनवेल विजेच्या तारेला पोचली, की तीही कलम ६८ मधलं झाड होते.

त्याच कलमात एक सुंदर गोष्ट आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते. आधी कोण होतं, झाड की तार? झाड आधीपासून असेल आणि लाईन नंतर ओढलेली असेल, तर झाड हटवल्याबद्दल मालकाला वाजवी भरपाई द्यावी लागते. लाईन आधीची असेल आणि तुम्ही तिच्याखाली हौसेनं झाड लावलं असेल, तर या कलमाखाली भरपाई नाही. ही कल्पना जुनीच. १८८५ च्या इंग्रजी अमदानीतल्या तार कायद्यातही तारायंत्राच्या लाईनींसाठी हेच तत्त्व होतं. तेव्हा आजोबांनी लावलेल्या आंब्याचा आणि लाईन कधी आली याचा काही पुरावा घरात असला, तर तो जपून ठेवायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न झाड उचलण्याचा. मुळं ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं. फांदी कुठे पोचली याला इथे महत्त्व नाही. रस्त्याच्या कडेचं झाड पालिकेचं, आवारातलं सोसायटीचं, बंगल्यातलं बंगलेवाल्याचं. सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नसेल आणि सातबाऱ्यावर अजून बिल्डरचंच नाव असेल, तर सभेत कोणी तरी हा मुद्दा काढतंच. पण झाडाला पाणी घालणारे, पार बांधणारे, त्याखाली गाड्या लावणारे आपण असलो, तर पडल्यावर ते बिल्डरचं आहे म्हणणं कुठेही टिकणं अवघड.

पण झाड आपलं म्हणजे कुऱ्हाड आपली, असं महाराष्ट्राच्या शहरांत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ खाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. "तोडणे" या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा देऊन त्यांच्याबाबतीत नियम आणखी कडक केले. म्हणून तुमच्या गच्चीवर झुकलेली शेजाऱ्याची फांदी परस्पर छाटायचाही मोह आवरावा. हद्दीच्या आत आलेली फांदी छाटायचा हक्क आहे असं पूर्वापार ऐकलेलं असतं, पण इथे तो या कायद्याच्या चौकटीतून जातो.

मग तारेवर लटकणाऱ्या फांदीचं काय? ती आधीच मोडलेली आहे, झाड वाचवायचा प्रश्न उरलेला नाही, आणि जिवाला धोका आहे. अशा वेळी अग्निशमन दल किंवा उद्यान विभाग येऊन धोक्याचा भाग कापतात, कागद मागाहून होतात. त्यांचं काम मात्र रस्त्यावरच्या आणि तारेवरच्या धोक्यापुरतं. आवारात उरलेला बुंधा, पाला, ओंडके मालकानं स्वखर्चानं हलवायचे. लोक भांडतात ते बहुधा या शेवटच्या टप्प्यावर, "निम्मंच कापून गेले" म्हणून. ते निम्मं कापून जाणारच. एका वादळी रात्रीत त्यांच्याकडे अशी किती झाडं असतात, याची कल्पना करा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईला नुसतं घासून गेलं, तेव्हा शहरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती आणि त्यातली पुष्कळशी खासगी आवारांतली होती.

विजेच्या तारेवर झाड असेल तर क्रम ठरलेला: आधी वीज कंपनी लाईन बंद करणार, मग करवत. अग्निशमन दलाची गाडी येऊनही जवान हातावर हात धरून उभे दिसले, तर ते आळशी नसतात. लाईन बंद झाल्याच्या निरोपाची वाट बघत असतात.

आता पैशांचा प्रश्न, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे.

झाड पडलं म्हणजे मालक आपोआप दोषी, असं कायदा मानत नाही. प्रश्न निष्काळजीपणाचा असतो. झाड धोक्याचं आहे हे मालकाला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का? राजकोट महानगरपालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९७ साली यावर निकाल दिला. १९७५ मध्ये रस्त्यानं चाललेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड कोसळलं आणि तो गेला. खालच्या कोर्टांनी पालिकेला भरपाई द्यायला लावली होती. सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. धडधाकट दिसणारं झाड अचानक पडेल हे पालिकेला आधी कळू शकलं असतं असं दाखवणारं काही समोर नव्हतं, हा त्यातला गाभा. मला हा निकाल वाचताना दर वेळी थोडं अस्वस्थ व्हायला होतं. घरचा कर्ता माणूस गेला आणि दोष कुणाचाच नाही. पण तराजू कोणता, ते त्यातून समजतं.

विजेच्या तारेला मात्र दुसरा तराजू आहे. मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात, २००२ साली, सुप्रीम कोर्टासमोर प्रसंग होता पावसाच्या रात्रीचा. सायकलवरून घरी निघालेला माणूस, रस्त्यावर पाणी आणि त्यात पडलेली जिवंत तार. मंडळ म्हणालं, कुणी तरी वीज चोरायला तार ओढली होती, आमचा काय दोष? कोर्टानं ते ऐकलं नाही. वीज ही मुळातच धोक्याची वस्तू. तिचा धंदा करणाऱ्यानं तिच्यामुळे झालेल्या इजेची भरपाई द्यायची, त्यानं काळजी घेतली होती की नाही हा मुद्दाच नाही. ही जबाबदारी अगदी निरपवाद नाही, कारण दैवी आपत्तीसारखे काही अपवाद राहतात. पण दर पावसाळ्यात येणाऱ्या वाऱ्याला दैवी आपत्ती म्हणणं वीज कंपनीला सोपं जात नाही.

हे दोन तराजू शेजारी ठेवले की बरीच भांडणं उलगडतात. झाड पडून कोणाची गाडी चेपली, केबल तुटली, कौलं फुटली, तर झाडमालकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. तार तुटून कोणाला शॉक लागला, तर वीज कंपनीनं द्यायचे. मग कंपनीला वाटलं तर तिनं झाडमालकाशी भांडावं. ज्याला इजा झाली त्यानं त्यांच्या भांडणात थांबून राहायचं कारण नाही.

हलगर्जीपणा दाखवायचा कसा? झाडं बोलत नाहीत असं म्हणतात, पण आजारी झाड पुष्कळ बोलतं. बुंध्याशी उगवलेल्या अळंब्यांच्या छत्र्या, पोकळ वाजणारं खोड, एका बाजूला उचलली गेलेली माती, ऐन पावसाळ्यात सुकलेली वरची फांदी. आणि खोडाला चिकटून ओतलेलं काँक्रीट. मुळांना श्वास घेता येत नाही आणि पसरताही येत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतालचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं, ते यासाठीच. गुलमोहर तसाही ठिसूळ लाकडाचा आणि उथळ मुळांचा, वरून डौलदार, खालून कच्चा. त्यात फायबर टाकायला कोणी फुटपाथ खणला आणि एका बाजूची मुळं कापली, तर झाड पडतं त्याच फायबरवर. अशा वेळी दोष खणणाऱ्याकडेही जातो, फक्त खणतानाचा फोटो असायला हवा.

म्हणूनच या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे आवक शिक्का मारलेला अर्ज. "अमुक झाड झुकलं आहे, तपासणी करावी, छाटणीची परवानगी द्यावी" असा एप्रिलमधला एका पानाचा अर्ज जुलैमधल्या वादात तुम्हाला बाहेर काढतो. आपल्याला धोका दिसला, आपण कळवलं आणि निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांनी तो घेतला नाही, हे त्यातून दिसतं. उलटही खरं. पालिका पावसाळ्याआधी सोसायट्यांना छाटणीच्या नोटिसा देते. ती नोटीस फाइलला लावून विसरली, तर पुढे तीच पुरावा म्हणून समोर येते. २०१७ मध्ये चेंबूरला एका महिलेवर नारळाचं झाड पडून तिचा जीव गेला. ते झाड काढायची परवानगी सोसायटीनं आधी मागितली होती आणि पाहणीनंतर ती नाकारली गेली होती, ही गोष्ट पुढे आल्यावर चर्चेचा रोखच बदलला.

विम्याचं थोडक्यात. २०२१ पासून मिळणाऱ्या "भारत गृह रक्षा" या प्रमाणित घरविम्यात पडणाऱ्या झाडानं घराला झालेलं नुकसान धरलेलं आहे. गाडीचा पूर्ण विमा असेल तर वादळाचं नुकसान त्यात येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. केबल तुटून चार दिवस नेट बंद राहिलं त्याचे पैसे ऑपरेटरकडे बिलातून वजा करून मागायचे. मिळतात, पण मागावे लागतात. वीज मात्र ठरल्या तासांत सुरू झाली नाही, तर वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांनुसार, म्हणजे सेवेसाठी ठरवून दिलेल्या मुदतींनुसार, भरपाई आहे, चक्रीवादळासारख्या आपत्तीचा अपवाद सोडून.

गावाकडे यातलं बरंचसं वेगळं. १९७५ चा कायदा शहरांपुरता, आणि फांद्या छाटायचं काम बहुतेक वेळा लाइनमन आणि गावकरी मिळून उरकतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा खांबांवर आडव्या झाल्या. "झाड कोणाचं" हा प्रश्न विचारायला तिथे कोणाला उसंत नव्हती. काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, आणि खांब ओढायला गावकरीच दोरखंड घेऊन उभे होते.

आमच्या फांदीचं पुढे असं झालं. तिसऱ्या दिवशी वायरमनकाकांनी वरची लो टेन्शन लाईन वीस मिनिटं बंद ठेवली, केबलवाल्यानं आपल्या तारा खांबावरून सोडल्या आणि उद्यान विभागाच्या दोघांनी फांदीला दोर बांधून ती हळूहळू खाली घेतली. कामाला अर्धा तासही लागला नाही. ओंडके सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं हलवले. केबलवाल्यानं तुटलेल्या तारेचे पैसे मागितले. आमच्या सेक्रेटरींनी त्याला विचारलं, की झाडाला खिळा ठोकून तार बांधायची परवानगी कोणी दिली होती? तो विषय तिथेच मिटला.

नवी तार त्यानं दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुबाभळीला बांधली. सेक्रेटरींनी खाली उभं राहून तिचा फोटो काढला, तारीख दिसेल असा, आणि अर्ज लिहायला बसले.